माळ्यावरची वटवाघळे गेल्यावर खोलीत ढेकूण का दिसू लागले?
अमेरिकेतील आपल्या घराच्या माळ्यावरून वटवाघळे गेल्यानंतर दिसू लागलेले हे कीटक बहुधा वटवाघळांच्या रक्तावर जगणारे ढेकूण असावेत. ते रक्त मिळेनासे झाले की भुकेपोटी ते छताच्या फटींतून खाली उतरतात आणि माणसालाही चावतात. नेहमीच्या ढेकणापासून त्यांचा फरक भिंगाखालीच कळतो, कारण त्यांच्या डोक्यामागील भागाच्या कडेचे केस डोळ्याच्या रुंदीपेक्षा लांब असतात. म्हणून एखादा कीटक बाटलीत धरून कीटकतज्ज्ञाला अवश्य दाखवावा. केवळ गादीवर फवारणी करणे व्यर्थ आहे. मूळ माळ्यावर आहे, तेव्हा फटी बुजवून कीटकनाशक तेथेच जाणकाराकडून मारून घ्यावे. वटवाघळे अजून राहत असतील, तर जून-जुलैत त्यांची वाट कृपया बंद करू नये. उडता न येणारी पिल्ले आत उपाशी मरतात.