डबल एक्सएलच्या पुढचं माप आहे. सायकलिंगची शॉर्ट वर सरकते, मांड्या सोलवटतात. कशी निवडू?

ताई, आधी लांबी बघा. आपल्या मांड्या एकमेकींना घासतात, म्हणून शॉर्ट गुडघ्याच्या जरा वरपर्यंत यायलाच हवी. आखूड असली की चार पेडल मारली की कापड जांघेत गोळा होतं. एक्सएल, डबल एक्सएल या अक्षरांवर मुळीच जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. टेप घेऊन कंबर, नितंबाचा सगळ्यात रुंद भाग आणि मांडी मोजा. मांडी खुर्चीवर बसून मोजा, बसल्यावर ती पसरते. मी उभ्याने मोजून मागवली होती, तर खालच्या घट्ट पट्टीचा लालभडक वळ दोन दिवस गेला नाही. ती पट्टी रुंद आणि मऊ हवी. कंबरपट्टाही रुंद, पोटावर वर येणारा घ्या. अरुंद इलॅस्टिक वाकलं की दुमडतं आणि रुततं.

शॉर्टच्या आत बसायच्या जागी शिवलेलं पॅड बायकांसाठीचंच घ्या. आपली बसायची दोन हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा एकमेकांपासून जास्त अंतरावर असतात, ती दोन्ही पॅडवर टेकली पाहिजेत. जाड पॅड म्हणजे चांगलं पॅड, असं नाही.

आणि हे कुणी सांगत नाही: आत निकर घालायची नाही. तिच्याच शिवणी घासतात. दुकानात घालून बघताना सायकलवर बसल्यासारखं पुढे वाका. उभ्याने थोडी घट्ट वाटली तर चालेल, पण वाकल्यावर मागून कंबर उघडी पडली तर ती शॉर्ट तिथेच ठेवा.

लाज वाटत असेल तर वरून सैल कुर्ता घाला, पण सायकल सोडू नका.