डेटा संरक्षण कायद्यातील संशोधनासाठी नेदरलँड्सला येण्याविषयी

सप्रेम नमस्कार.

आपण कळवले आहे की पुण्यातील एका विधी महाविद्यालयात आपण शिकवता, त्यापूर्वी काही काळ जिल्हा न्यायालयात वकिली केली आहे, एलएल.एम. झालेले आहे आणि आता डेटा संरक्षण व तंत्रज्ञान कायदा या विषयात युरोपात संशोधन करण्याचा विचार आहे. यजमान आणि तीन वर्षांची मुलगी सोबत येतील. कर्ज काढून इथे पुन्हा एलएल.एम. करावी की थेट पीएच.डी.साठी अर्ज करावा, भारतीय कायद्याच्या अभ्यासाला इथे काही किंमत आहे का, आणि पुढे नोकरीचे काय, हे आपले तीन प्रश्न. मी नेदरलँड्समधील एका विद्यापीठात हाच विषय शिकवते, म्हणून उत्तर याच देशापुरते देते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: शिष्यवृत्ती मिळत नसेल तर एलएल.एम.साठी कर्ज काढू नये. लायडनचा कायदा व डिजिटल तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम, टिलबर्गचा कायदा व तंत्रज्ञानाचा आणि अ‍ॅमस्टरडॅमचा माहिती कायद्याचा, हे तिन्ही उत्तम आहेत; परंतु युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला त्यांचे शुल्क वीस हजार युरोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक पडते आणि वर्षभराच्या राहण्याखाण्याला आणखी तेरा-चौदा हजार लागतात. कुटुंब सोबत असेल तर हा हिशेब पार कोलमडतो. याउलट पीएच.डी. ही इथे बहुतांश ठिकाणी नोकरी असते. विद्यापीठ आपल्याला चार वर्षांसाठी कर्मचारी म्हणून नेमते, पहिले वर्ष संपताना कामाचा आढावा घेऊन करार पुढे चालू ठेवते, शुल्क काहीही नसते आणि पहिल्या वर्षी करपूर्व पगार महिना तीन हजार युरोंच्या आसपास असतो. त्याखेरीज सुट्टीचा भत्ता, वर्षअखेरीचा बोनस आणि निवृत्तिवेतनातील वाटा मिळतो. आपल्याकडे एलएल.एम. आहेच, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न सहसा येत नाही.

यात एक मेख आहे, जी एलएल.एम.ला निघालेल्या मुलांना कुणी सांगत नाही. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी योजनेतून संशोधकांच्या ज्या जागा निघतात, त्यांचा पगार नेहमीच्या जागांपेक्षा बरा असतो. मात्र भरतीपूर्वीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्या उमेदवाराला त्या देशातील जागा घेता येत नाही. म्हणजे लाखो रुपये खर्चून इथे एलएल.एम. केली आणि नोकरीच्या शोधात आणखी थोडे रेंगाळले, तर इथल्याच चांगल्या जागांचे दार आपल्या हातानेच बंद होते. पुण्यात बसून अर्ज करणारा उमेदवार या बाबतीत सुस्थितीत असतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कुणी अनुसूचित जातीतील असेल तर त्याला राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती अवश्य द्यावी. तिच्या आधारावर एलएल.एम. करणे हा वेगळाच विषय आहे.

जागांच्या जाहिराती ‘अ‍ॅकॅडमिक ट्रान्सफर’ या संकेतस्थळावर येतात आणि त्या दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात प्राध्यापकाला प्रकल्पासाठी निधी मिळालेला असतो, संशोधनाचा प्रश्न बराचसा ठरलेला असतो आणि आपण त्यात बसतो का एवढेच पाहिले जाते. दुसऱ्या प्रकारात संशोधनाचा आराखडा उमेदवाराने स्वतः द्यायचा असतो. भारतीय उमेदवार बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात मार खातात, आणि त्याचे कारण त्यांचे इंग्रजी किंवा गुण नसून आराखडाच असतो. ‘डिजिटल युगातील खासगीपणाचा अधिकार : एक चिकित्सक अभ्यास’ अशा शीर्षकाचे आराखडे निवड समितीत बसल्यावर माझ्यासमोर येतात. पहिली चार पाने वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांच्या खासगीपणावरील १८९० च्या लेखापासून खडकसिंग, गोविंद हे जुने भारतीय निकाल करत, खासगीपणाला मूलभूत अधिकार ठरवणाऱ्या पुट्टस्वामी निकालापर्यंतच्या प्रवासात जातात, पाचव्या पानावर जीडीपीआर या युरोपीय डेटा संरक्षण कायद्याची कलमे येतात आणि शेवटी ‘भारताने युरोपकडून काय शिकावे’ असा निष्कर्ष आधीच लिहून ठेवलेला असतो. जीडीपीआरची ९९ कलमे इथल्या प्रत्येक उमेदवाराला येतात. ती पाठ असलेला आणखी एक माणूस पुण्याहून आणण्याचे विद्यापीठाला काहीच कारण नाही.

इथून आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. भारतीय कायद्याच्या अभ्यासाला इथे किंमत आहे, परंतु ती तुलनेच्या शेवटच्या प्रकरणापुरती ठेवली तर नाही. युरोपच्या कायद्याला ज्याचे उत्तर नीट देता आलेले नाही असा प्रश्न भारतीय सामग्रीतून उभा करता आला, तर समिती सावरून बसते. आपल्याला उपयोगी पडेल असे एक उदाहरण विस्ताराने देते, कारण ते महाराष्ट्राच्या अगदी जवळचे आहे.

माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ मध्ये आला, पण महाराष्ट्रात राज्याचा कायदा त्याआधीच झाला होता आणि त्यामागे अण्णा हजारे यांचे आंदोलन होते, हे आपल्याला ठाऊक आहेच. केंद्रीय कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहितीला अपवाद होता, मात्र त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागे. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे परंतुक होते. २०१२ मध्ये गिरीश देशपांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याची माहिती मागण्याचे प्रकरण आले, तेव्हा न्यायालयाने नोकरीतील ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा आणि मालमत्तेचे तपशील यांना वैयक्तिक माहिती ठरवले. तरीही जनहिताची तपासणी कायद्यात शिल्लक होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने ती त्या कलमातूनच काढून टाकली, परंतुकासकट. आता ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित’ एवढेच शब्द उरले आहेत आणि ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागूही झाली. माहिती अधिकार कायद्याच्याच कलम ८(२) मधील जनहिताची सर्वसाधारण तरतूद कायम आहे, असे सरकारचे उत्तर आहे. तालुक्याच्या ठिकाणचा जन माहिती अधिकारी ती तरतूद स्वतःहून वापरेल का, हा खरा प्रश्न आहे.

आता हेच युरोपच्या बाजूने पाहावे. १९९६ मध्ये बिअरच्या आयातीवरून युरोपीय आयोगाच्या अधिकाऱ्यांची एक बैठक झाली. बव्हेरियन लागर या कंपनीने तिचे इतिवृत्त मागितले, तेव्हा आयोगाने उपस्थितांपैकी पाच जणांची नावे काळी करून कागद दिला. प्रकरण लक्झेंबर्गमधील युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० मध्ये तिथल्या महापीठाने आयोगाची बाजू उचलून धरली : नावे का हवीत याची गरज अर्जदाराने दाखवायला हवी होती. म्हणजे ज्या युरोपकडून आपण शिकायचे म्हणतो, तिथेही खासगीपणाच्या नावाखाली कारभार झाकला जाण्याचा धोका जुनाच आहे. जीडीपीआरचे कलम ८६ हा समतोल सदस्य राष्ट्रांवर सोपवून मोकळे होते. जनहिताची तपासणी पुष्कळ वर्षे चालवून नंतर ती मुख्य कलमातून काढणारा देश आणि तिथल्या माहिती आयुक्तांच्या निकालांचा प्रचंड साठा, ही सामग्री इथल्या अभ्यासकांच्या हाती नाही. आपण मराठीतले निकाल आणि अर्जांवरचे शेरे मूळातून वाचू शकता. राज्य माहिती आयोगाच्या एखाद्या खंडपीठाचे दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे निकाल घेऊन, जनहिताचा मुद्दा कुणी, कोणत्या शब्दांत मांडला आणि त्याचे काय झाले हे तपासणारा दोन पानी आराखडा मी समितीत असते तर आधी बाजूला काढून ठेवला असता.

मुलाखतीत अभ्यासपद्धतीविषयी बारकाईने विचारतात. निकाल कसे निवडाल, किती निवडाल, नुसते वाचाल की वर्गीकरण कराल, अधिकाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी कशी मिळवाल, असे प्रश्न येतात. ‘डॉक्ट्रिनल पद्धत’, म्हणजे कायदे आणि निकाल वाचून विश्लेषण, एवढे उत्तर आपल्याकडे चालते, इथे त्यानंतर पुढचा प्रश्न येतोच.

हा देश या विषयाला इतका गंभीरपणे का घेतो, हे समजून आलात तर कामही सोपे जाईल. अ‍ॅमस्टरडॅममध्ये प्लान्टाझ केर्कलान या रस्त्यावर लोकसंख्या नोंदणीचे कार्यालय होते. जर्मन ताबा असताना त्या नोंदींमुळे ज्यूंना शोधून काढणे सोपे झाले, म्हणून २७ मार्च १९४३ रोजी पोलिसांच्या वेषातल्या प्रतिकारकांनी आत शिरून कार्डांचे कप्पे रिकामे केले आणि कार्यालय पेटवून दिले. त्यांचा एक नेता, चित्रकार विलेम आरोन्देउस, त्याच जुलैत गोळ्या घालून मारला गेला. अलीकडचे उदाहरण बालसंगोपन भत्त्याचे. कर खात्याने हजारो पालकांना चुकीने लबाड ठरवून भत्त्याची रक्कम परत मागितली, कुटुंबे कर्जात बुडाली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही ही बाब जोखीम ठरवणाऱ्या प्रणालीत वापरली गेली, असे इथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाच्या चौकशीत निघाले. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये प्राधिकरणाने कर खात्याला २७.५ लाख युरो दंड केला. त्याआधी ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या न्यायालयाने ‘सिरी’ ही, नागरिकांच्या नोंदी एकत्र करून संभाव्य फसवणूक हुडकणारी सरकारी प्रणाली युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ८ शी, म्हणजे खासगी जीवनाच्या हक्काशी, विसंगत ठरवली होती. आधारच्या निकालावर शिकवणाऱ्या माणसाला हे वाचताना किती गोष्टी ओळखीच्या वाटतील हे सांगायला नको. (आपण दोघेही नोकरी करू लागलात की मुलीच्या पाळणाघरासाठी हाच भत्ता आपणही मागाल. उत्पन्न बदलले की त्याच दिवशी कळवावे.)

तिसरा प्रश्न नोकरीचा. इथे वकील होता येईल या आशेवर येऊ नये. त्यासाठी डच कायद्याची ठरावीक पदवी लागते आणि न्यायालयाची भाषा डच आहे. पीएच.डी.नंतर विद्यापीठात राहायचे तर पोस्ट-डॉक (पीएच.डी.नंतरची मुदतीची संशोधन नेमणूक) आणि मग सहायक प्राध्यापकाची जागा हा मार्ग आहे, पण २०२४ मध्ये सरकारने उच्च शिक्षणाच्या निधीला कात्री लावण्याचे धोरण घेतले आणि इंग्रजीतील अभ्यासक्रमांवर राजकीय दबावही वाढला. या परिस्थितीत डच भाषा पहिल्या वर्षापासून शिकावी. विद्यापीठे बहुधा वर्गाचा खर्च देतात. विद्यापीठाबाहेर मात्र मागणी चांगली आहे. कंपन्यांचे डेटा संरक्षण अधिकारी, मोठ्या विधी संस्थांमधील सल्लागार, ब्रसेल्समधील हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना अशा जागा असतात, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा युरोपीय कायदा अमलात आल्यापासून त्या वाढल्या आहेत. भारतीय कंपन्यांना युरोपचा कायदा आणि युरोपीय कंपन्यांना भारताचा कायदा समजावून सांगणारी माणसे अजून थोडी आहेत. परतायचे ठरवले तरी हे ज्ञान वाया जात नाही.

आता थोडे व्यवहाराचे. संशोधकाच्या परवान्यावर आलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते, त्यामुळे यजमानांची चिंता नसावी. विवाह नोंदणीचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला राज्य शासनाकडून साक्षांकित करून परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (दाखला परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का) घ्यावा. दाखला केवळ मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर लागते. हे काम नेमणुकीचे पत्र येण्याआधी सुरू केले तरी हरकत नाही. खरी अडचण घराची आहे. घर पाहताना त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येईल का, हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारावे. नोंदणी नाही तर नागरिक सेवा क्रमांक नाही आणि त्या क्रमांकाशिवाय पगार, विमा, बँक सगळेच अडते. मुलीला चार वर्षे पूर्ण झाली की शाळेत घेतात, म्हणून पाळणाघराचा मोठा खर्च एकच वर्ष राहील.

वकिलीच्या सनदेचे मात्र विसरू नका. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरल्यावर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला कळवून सनद स्थगित करणे बंधनकारक आहे. महाविद्यालयात रुजू होताना आपण ते केले नसेल तर निघण्यापूर्वी करून टाका, म्हणजे परतल्यावर पुन्हा सुरू करताना प्रश्न उद्भवणार नाही.

आराखडा दोन पानांत बसला की मला पाठवा, मी वाचून अभिप्राय कळवीन. पुट्टस्वामी निकालाला त्यात एका परिच्छेदाहून अधिक जागा देऊ नका.