आधी ख्मेर शीक

पोरी,

तुझा आराखडा वाचला. ‘कंबोडियातील भारतीय संस्कृतीच्या पाऊलखुणा’. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या वहीवर जवळपास हेच शीर्षक होतं. तीन महिन्यांत संस्कृत शिलालेख उरकू, की तिथली भाषा ख्मेर शिकण्यात वेळ घालवू, असं विचारतेस. ‘वेळ घालवू’ हे शब्द तुझे. म्हणून उत्तराला दोन दिवस लावले, नाहीतर तिखट लिहिलं गेलं असतं.

ख्मेर शीक.

शिलालेखांचंच घे. पुष्कळ लेखांत वाटणी ठरलेली असते. संस्कृत श्लोकांत देव, राजा, त्याचा प्रताप. ख्मेर गद्यात शेतं, त्यांच्या हद्दी, भात, गुरं आणि देवळाला दिलेले सेवक, एकेकाचं नाव घेऊन. जुन्या लेखांत पुरुषाच्या नावाआधी ‘वा’, बाईच्या नावाआधी ‘कु’. अंगकोर बोरेईचा शके 533चा, म्हणजे इ.स. 611चा लेख हा तारीख असलेला सर्वांत जुना ख्मेर लेख. त्यात अशीच माणसं आहेत. आम्ही श्लोकांना चाल लावत बसलो आणि ‘वा’, ‘कु’ ओलांडून पुढे गेलो.

लिपी पाहून तुला वाटेल, हे तर आपलंच. पल्लवांच्या लिपीतून आलेली, क-ख-गचा क्रमही तोच. गुरूचा ‘क्रू’, भाषेचं ‘फीसा’, नगराचं ‘नोकोर’, त्यातूनच अंगकोर. ओळखीचं दिसतं तिथेच फसशील. मी फसलो.

ऐक. 2001 साली सिएम रीपजवळच्या एका खेड्यात मी प्चुम बेन या पितरांच्या सणाला गेलो. भाद्रपदाचा वद्य पक्ष, ‘बेन’ म्हणजे पिंड. पहाटे चारला अंधारात बायका विहाराभोवती अनवाणी फिरत तीळ घातलेल्या भाताचे गोळे जमिनीवर टाकत होत्या. प्रेतांना उजेड सोसत नाही म्हणून अंधारात. मी हरखलो. शेजारच्या म्हातारीने गोळा टाकला आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. दुभाषा म्हणाला, “पितरांसाठी आहे.” एवढंच. मी वहीत लिहिलं ‘पिंडदान’ आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्या बाईच्या वयाचा हिशेब मी मांडला नाही. 1975 ते 79 या चार वर्षांत, ख्मेर रूजच्या राजवटीत, तिथे पंधरा-वीस लाख माणसं गेली, कित्येकांना ना अग्नी मिळाला, ना कुणाला त्यांची जागा ठाऊक. ती मंत्र म्हणत होती, की नावं घेत होती? मला भाषा येत नव्हती.

आता म्हणशील, सर, तेव्हा पुण्यात ख्मेर शिकवणार कोण होतं? कोणी नव्हतं. शब्दकोश मिळेना, नोकरी होती, घरी आजारपण होतं. सगळं खरं. पण सेदेस हा फ्रेंच अभ्यासक वाचायला मी फ्रेंच शिकलोच ना! त्याला वेळ मिळाला. ख्मेर लोकांबद्दल फ्रेंच माणूस काय म्हणतो ते मला हवं होतं, ख्मेर माणूस काय म्हणतो ते नको होतं. तरी माझं काम अगदीच वाया गेलं असं मी मानत नाही. मोजमापं चोख आहेत, ती खुशाल वापर.

ख्मेर शीक म्हणजे पर्यटकाची चार वाक्यं नव्हे. जेवण्याला तिथे एक क्रियापद नाही. तू-मी ‘न्याम’, थोरामोठ्यांना आदराने ‘पिसा’, भिक्खू ‘छान’, राजा ‘साओय’, जनावर ‘सी’. समोरच्याला हाक मारण्याआधी तो ‘बाँग’ की ‘ओउन’, मोठा की धाकटा, हे ठरवावं लागतं. बाईला मावशी म्हणायचं की आजी, यावर ती पुढे काय सांगेल ते अवलंबून. दुभाषा मधे आला की हे सगळं गळून पडतं, हातात ‘पितरांसाठी आहे’ एवढंच उरतं.

अंगकोरच्या बायॉन देवळाच्या भिंतीवर कोरलेला बाजार, कोंबड्यांची झुंज, बाळंतीण हे बघच. लग्नात नवऱ्याकडून मुलीच्या आईला ‘दुधाचं मोल’ देतात, त्याबद्दल बायकांना विचार. पण त्यांच्या भाषेत विचार.

आणि एक. त्या पहाटेची कॅसेट माझ्याकडे आहे. म्हातारीचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. कुणाकडूनही अर्थ लावून घेता आला असता, पण तोवर एका दिवाळी अंकात मी ‘पिंडदानाचा मंत्र’ असं छापून बसलो होतो.

रविवारी ये आणि ती घेऊन जा. टेपरेकॉर्डर चालतो, फक्त झाकण दाबून धरावं लागतं.