वाचक विचारतात: सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना

प्रश्न: कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी आहे. रोज उचगावजवळ सर्व्हिस रोडवरून पुणे-बेंगळुरू हायवेला लागते. तोंडाशी थांबले तर मागचे हॉर्न मारतात, न थांबता गेले तर ट्रक अंगावर येतो. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, तुमचं काही चुकत नाही, तिथं जागाच कमी पडते. माझी सगळी नोकरी रस्त्यांची आखणी करण्यात गेली, म्हणून ठामपणे सांगतो. तुम्ही ताशी २० नं शिरलात आणि मागून ट्रक ८० नं येतोय, तर दोघांतलं १०० मीटर अंतर सहा सेकंदांत संपतं. भरलेला ट्रक एवढ्यात आवरत नाही. म्हणून हायवेला समांतर एक जादा लेन लागते, वेग वाढवायला. साध्या कारला ४० वरून ८० वर जायला दीडशे मीटर तरी हवेत, लोड गाडीला कितीतरी जास्त. ही लेन नसेल तिथं थांबाच. मागच्याला खुशाल हॉर्न मारू दे.

दुसरं, हायवेवरून बाहेर पडायचं तोंड आधी हवं, आत शिरायचं नंतर. उलटं झालं की शिरणारा वेग वाढवतोय आणि उतरणारा ब्रेक दाबतोय, दोघं एकमेकांना आडवे. दोन हायवे एकमेकांना पुलानं ओलांडतात तिथं पाकळीसारखे चार गोल रस्ते असतात, त्या चार पाकळ्यांच्या इंटरचेंजचंही हेच दुखणं: एका पाकळीतून गाड्या येतात आणि लगेच पुढच्या पाकळीत दुसऱ्या वळतात.

आणि आपल्याकडचा ऊस! गळीत हंगामात डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर रात्री हायवेवर रांगत असतो, मागं ना दिवा ना रेडियम. त्याला कितीही लांब लेन दिली तरी तो ८० गाठणार नाही. त्याला सलग सर्व्हिस रोडच हवा. पण ओढ्यावरचा पूल आला की बऱ्याच ठिकाणी सर्व्हिस रोड तुटतो आणि ट्रॅक्टर, सायकल, शाळेची पोरं सगळी हायवेवर येतात. माझ्या मते पहिला पैसा तिथं घालावा.

अशी लेन किंवा सर्व्हिस रोड मागायला गावातर्फे अर्ज करताना ‘अपघात होतात’ एवढ्यावर थांबू नका. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, लेनची पावलांनी मोजलेली लांबी आणि दिवसाचा-रात्रीचा फोटो जोडा. हायवेवर अडचण आली तर १०३३ ला फोन लावा.