कॅव्हेलियर जातीचा कुत्रा चालता चालता हवेतच मान खाजवतो, अंगावर पिसू-गोचीड काही नाही. काय असेल?

सिरिंगोमायेलियाची शंका घ्यायला हवी. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. कवटीचा मागचा भाग मेंदूच्या मानाने अपुरा पडतो, त्यामुळे कवटी आणि मान जिथे जुळतात तिथे मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची ये-जा अडते. मग मानेतल्या मज्जारज्जूतच द्रवाच्या पोकळ्या तयार होतात.

नीट बघा: मागचा पाय खांद्याजवळ भराभर हलतो, पण नख कातडीला लागतच नाही, तेही बहुधा एकाच बाजूला. पट्टा चढवताना, उचलून घेताना एकदम कळवळतो का? मग ती खोड नव्हे, त्याला खरंच दुखतंय.

खात्री एमआरआयनेच होते, साध्या एक्स-रेवर मज्जारज्जू दिसत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनसारख्या औषधांनी बऱ्याच कुत्र्यांना आराम पडतो, डोस मात्र पशुवैद्यच ठरवतील. घरातली क्रोसिन-ब्रुफेन अजिबात देऊ नका. गळ्यातला पट्टा आजच काढा, छातीचा हार्नेस घाला.

आणि कृपया त्याच्यापासून पिल्लं होऊ देऊ नका. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या जातीची पैदास बेकायदेशीर ठरवली, ती अशाच आनुवंशिक दुखण्यांमुळे.