स्पॅनिशच्या दुसऱ्या वर्षात पाऊल टाकताना

बी-१ला, म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीला, खरी परीक्षा भूतकाळाची आणि सब्जंक्टिव्हची (इच्छा, शंका सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपाची). हे इंग्रजीतून समजून घेऊ नकोस, सरळ मराठीतून घे. ‘पाऊस पडत होता’ आणि ‘वीज गेली’ हा फरक तुझ्या कानात आधीच आहे. ‘योविआ क्वांदो से फुए ला लुस’ म्हणताना तोच वापरायचा. ‘तू यावंस असं मला वाटतं’ यातल्या ‘यावंस’ची जागा तिकडे ‘व्हेंगास’ घेतं. इंग्रजीत असं वेगळं रूप सहसा दिसतच नाही, म्हणून पोरं तिथे अडतात. ‘मे गुस्ता’ तर आपल्या ‘मला आवडतं’च्याच चालीवर आहे.

शब्दांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नकोस.

सांगलीत स्पॅनिश बोलायला माणूस सापडणं अवघड, हे खरं. वर्गातलीच एखादी जोडीदार धर आणि विश्रामबागहून मिरजेपर्यंत बसमध्ये फक्त स्पॅनिशच बोला. लोक बघतील, बघू देत. इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेत वाचन-लेखनाला ५० पैकी ३० लागतात, आणि ऐकणं-बोलणं यालाही वेगळे ३०. लेखी कितीही चांगली गेली तरी बोलण्यातली तूट त्यातून भरून निघत नाही. त्यामुळे बोलणं आजपासूनच सुरू कर.