साध्या १०×५० दुर्बिणीतून सोलापूरहून धूमकेतू दिसेल का, की टेलिस्कोप घ्यावा?

दिसेल. घरात १०×५० ची (दोन्ही डोळ्यांनी बघायची, दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दुर्बीण आहे म्हणताय, तर धूमकेतूसाठी म्हणून टेलिस्कोपवर पैसे घालू नका. तेजस्वी धूमकेतूची शेपटी आकाशात कित्येक अंश पसरलेली असते. टेलिस्कोपमधून एका वेळी जेमतेम अंशभर आकाश दिसतं, त्यामुळे डोकं बघायला गेलं की शेपटी बाहेर राहते. तुमच्या दुर्बिणीत सहा-साडेसहा अंश आकाश मावतं. शिवाय उजेडाचं गणितही तिच्या बाजूचं आहे. ५० मिमीच्या भिंगाला १० ने भागलं की ५ येतात, म्हणजे ५ मिमी जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो, आणि अंधारात आपली बाहुली साधारण तेवढीच उघडते. ‘जास्त पॉवर’ म्हणून २०×५० किंवा झूमवाल्या दुर्बिणी गळ्यात मारतात, त्या या कामाला घेऊ नका. चित्र अंधारं होतं आणि हात जरा हलला तरी सगळं आकाश नाचतं. जपानच्या युजी हयाकुताके यांनी १९९६ च्या जानेवारीत आपला प्रसिद्ध धूमकेतू शोधला तोसुद्धा दुर्बिणीतूनच. त्यांची २५×१५० ची, स्टँडवरची होती, एवढाच फरक.

आता काय दिसेल ते सांगतो, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. फोटोतले निळे-हिरवे रंग आणि लांबलचक शेपट्या कॅमेऱ्याने कितीतरी सेकंद उजेड साठवून काढलेल्या असतात. डोळा तसा साठवत नाही. तरीही २०२४ चा त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू आठवला की मला वाटतं, डोळ्यांनी बघण्याला तोड नाही. तो १२ ऑक्टोबरला, म्हणजे बरोबर दसऱ्याला, पृथ्वीपासून सर्वांत जवळ, सुमारे ७ कोटी किमीवर होता आणि त्यानंतर रोज संध्याकाळी पश्चिमेला वर वर चढत गेला. आम्ही काही जण सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या पूर्वेच्या काठावर थांबलो होतो. सूर्य सहाच्या सुमारास मावळला, पण पावणेसातपर्यंत संधिप्रकाशात काही म्हणजे काही दिसेना. शुक्रावर फोकस पक्का केला आणि तिथून दुर्बीण उजवीकडे, स्वाती ताऱ्याच्या दिशेने हळूहळू सरकवत नेली. मध्येच तो आला. डोकं पिवळसर, मधोमध ताऱ्यासारखा टोकदार ठिपका, आणि तिथून वर निघालेली शेपटी, पिंजलेल्या कापसाच्या पेळूसारखी, बुडाशी दाट आणि वर विरत गेलेली. तिचं टोक दुर्बिणीच्या वर्तुळात मावतच नव्हतं. जागा कळल्यावर दुर्बीण बाजूला केली तर नुसत्या डोळ्यांनाही ती फिकट रेघ दिसायला लागली. रस्त्याने जाणारे एक काका मोटरसायकल लावून आले, “शेंडेनक्षत्र बघायलाव व्हय?” म्हणाले, आणि दुर्बीण हातात घेतल्यावर बराच वेळ कुणालाच देईनात!

२०२५ चा लेमन धूमकेतू त्यामानाने लाजरा. २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, भूतप तारकासमूहात, स्वातीच्या आसपास. प्रत (तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) चौथीच्या जवळपास. आकडा वाचून वाटतं की चौथ्या प्रतीचा तारा सहज दिसतो, मग हा का दिसू नये? कारण ताऱ्याचा सगळा उजेड एका बिंदूत असतो, धूमकेतूचा तेवढाच उजेड मोठ्या धुरकट गोळ्यावर पसरलेला असतो. शहरातल्या गच्चीवरून तो नुसत्या डोळ्यांना दिसला नाही. गावाबाहेर दुर्बिणीतून मात्र डोक्याचा गोल ठिपका आणि वर गेलेली अगदी पुसट शेपटी दिसली. असा फिका धूमकेतू थेट बघू नये. नजर किंचित बाजूला ठेवायची, म्हणजे डोळ्याच्या कडेला तो जास्त उठून दिसतो.

सराव करायचा असेल तर धूमकेतूची वाट बघत बसू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्वेला देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका शोधा. तिची प्रत सुमारे ३.४ आणि रूप अगदी धूमकेतूसारखं, धुरकट. तुमच्या जागेवरून ती दुर्बिणीत नीट दिसली तर चौथ्या प्रतीचा धूमकेतूही सापडेल, फक्त तो क्षितिजाच्या धुळीत बुडालेला नसावा.

जागेबद्दल माझं ठाम मत आहे: शहर पाठीशी ठेवा. संध्याकाळचा धूमकेतू पश्चिमेला असतो, म्हणून हैदराबाद किंवा अक्कलकोट रस्त्याने पूर्वेला गेलात तर सोलापूरचा सगळा उजेड नेमका त्याच्यावरच येतो. तेव्हा उत्तरेला बार्शी रस्त्यावर नान्नजच्या बाजूला जावं (तिथल्या माळढोक अभयारण्यात रात्री शिरू नये, बाहेरच्या माळावरही क्षितिज मोकळं असतं) किंवा मंगळवेढ्याच्या काळ्या रानाकडे. धूमकेतू पहाटेचा असेल तर उलट करा आणि पूर्वेकडचे रस्ते धरा. आपल्याकडे डोंगर नाहीत, हे या छंदासाठी मोठंच भाग्य आहे. पुण्याच्या मित्रांना जो धूमकेतू टेकडीआड जातो तो आपल्याला आणखी थोडा वेळ मिळतो. अडचण होते ती परतीच्या पावसाच्या ढगांची आणि दिवाळीत फटाक्यांच्या धुराची.

चंद्रासाठी ॲप कशाला हवं, दाते पंचांग आपल्या सोलापुरातच निघतं! तिथी बघा. शुक्ल पक्षात संध्याकाळी चंद्र आकाशात असतो आणि पुसट शेपटी खाऊन टाकतो. कृष्ण तृतीयेनंतर तो उशिरा उगवतो, त्यामुळे सुरुवातीचा काळोख हाती लागतो. त्सुचिनशान-ॲटलास सर्वांत तेजस्वी असताना चंद्र कोजागिरीकडे वाढत होता. लेमनला अमावास्या मिळाली. म्हणून ठरवताना नुसती प्रत बघू नका.

बघताना कोपर गाडीच्या टपावर टेकवा किंवा खुर्चीत मागे रेलून बसा, हात अधांतरी नको. मोबाइल खिशातच ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि स्क्रीनच्या एका झळकीने ती वाया जातात. आणि सूर्य पुरता मावळल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेला वळवायची नाही, पहाटे तो उगवायच्या बऱ्याच आधी खाली ठेवायची. लहान मुलं बरोबर असतील तर दुर्बीण तुमच्याच हातात राहू दे. दुर्बिणीतून सूर्य एक क्षण दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

एकाच दिवशी जाऊन थांबू नका. दोन-तीन संध्याकाळी वहीत शेजारच्या ताऱ्यांसकट त्याची जागा काढून ठेवली की तो केवढा सरकतोय ते तुमच्याच रेघांवरून कळेल. पुढे तेजाचा अंदाजही करता येतो. आधी फोकसमधल्या धूमकेतूचा आकार आणि उजेड लक्षात ठेवायचा, मग जवळच्या ठाऊक प्रतीच्या ताऱ्यांचा फोकस बिघडवून ते तेवढेच मोठे करायचे आणि कोणाशी जुळतो ते बघायचं. हौशी निरीक्षकांचे असे अंदाज स्लोव्हेनियातून चालणाऱ्या ‘कॉब्स’ नावाच्या संग्रहात जमा होतात आणि धूमकेतूचं तेज कसं चढलं-उतरलं याचा आलेख त्यातून तयार होतो. तुमची १०×५० त्यासाठीही चालते, फक्त नोंदीत दुर्बिणीचा आकार, वेळ आणि आकाश कसं होतं ते लिहायला विसरू नका.